पहिली गोधडी लहान असावी, पण फार लहान नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या साप्ताहिक पुरवणीत हस्तकलेच्या पानावर गोधड्यांची रंगीत छायाचित्रं आली, ते पाहून मनापासून आनंद झाला. शिवणकामाला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळणं ही रोजची गोष्ट नाही. मी बरीच वर्षं शाळेत शिवण शिकवलं आणि निवृत्तीनंतर घरीच हौशी मंडळींना गोधडी शिवायला शिकवते. त्या पानाचं कात्रण घेऊन माझ्याकडे येणाऱ्या दोघीजणी आल्या आणि दोघींनीही एकाच चित्रावर बोट ठेवलं: डबलबेडभर पसरलेली, आठ टोकांच्या ताऱ्यांची गोधडी. "बाई, पहिली हीच करू या." दोघींना सुईत दोरा ओवता येतो, मशीनवर सरळ टीप मारता येते, याच्या पलीकडे दोघींचा अनुभव नाही. चित्राखाली ती गोधडी किती कठीण आहे याबद्दल एक शब्दही नव्हता. म्हणून हे पत्र.

पहिली गोधडी निवडताना लोक नक्षी बघतात. माझं म्हणणं असं की आधी ती पुरी होईल का ते बघावं. गोधडीच्या कामात कापणं, जोडणं, तीन थर एकत्र आणणं, त्यांतून टाके घालणं आणि कडेला गोट लावणं असे टप्पे असतात. यातला प्रत्येक टप्पा वेगळा शिकावा लागतो. जो पहिल्याच खेपेला शेवटच्या गोटापर्यंत पोचतो, तो दुसरी गोधडी शिवतो. जो जोडणीतच अडकतो त्याचं कापड पिशवीत जातं, पिशवी कपाटावर जाते, आणि "मला नाही जमत" हे वाक्य कायमचं होऊन बसतं. मला ते वाक्य ऐकवत नाही, कारण ते बहुतेक वेळा खोटं असतं. त्या माणसाला जमत असतं, त्याची निवड चुकलेली असते.

आता त्या ताऱ्याकडेच बघा. तो पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या आठ तुकड्यांचा असतो आणि प्रत्येकाचं टोक ४५ अंशांचं असतं. असा तुकडा कापला की त्याच्या चार कडांपैकी निदान दोन कडा कापडाच्या तिरप्या धाग्यावर, म्हणजे उरेप येतात. याचा अर्थ हाताला कळायला हवा. रुमालाएवढा एक सुती तुकडा घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा, कापड जवळपास जागचं हलत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. कापड लांबतं, मधे चुणी पडते आणि सोडल्यावर ते पूर्वीइतकं सरळ होत नाही. ताऱ्याच्या प्रत्येक तुकड्याची कड अशीच, इस्त्रीच्या नुसत्या दाबानेही सरकणारी. त्यात आठही टोकं मधोमध एका बिंदूत मिळायला हवीत. नाही मिळाली, तर मधे भोक राहतं किंवा कापडाचा उंचवटा होतो. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना यात मजा येते. नवशिक्याच्या वाट्याला फक्त उसवणं येतं.

दुसरी अडचण मापाची. डबलबेडभरची ती गोधडी ९० इंच बाय ९० इंचांची धरली, तर ८,१०० चौरस इंच. माझ्याकडे पहिली गोधडी ३६ बाय ३६ इंचांची असते, म्हणजे १,२९६ चौरस इंच. चादरीएवढी गोधडी सहापटींहून मोठी झाली. जोडणी एक वेळ होईल. पण पुढे तीन थरांचं ते सगळं गाठोडं गुंडाळून घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतच्या वीतभर फटीतून पुढे-मागे सरकवायचं असतं. मांडीवरून गोधडी घसरते, तिच्या वजनाने टीप ओढली जाते आणि टाके कुठे लांब, कुठे आखूड पडतात. हातात कौशल्य नाही म्हणून असं झालं, असा समज होतो. खरं कारण वजन असतं.

मग अगदी छोटं काहीतरी करावं, कपाखाली ठेवायची चौकट किंवा गरम भांडं धरायचा चौकोन, असं बरेच जण सुचवतात. मला हा सल्ला पटत नाही. चार इंचांच्या चौकटीला चार कोपरे असतात आणि गोटाचा कोपरा वळवणं हा गोधडीतला सर्वांत नाजूक भाग. सरळ पट्टीवर हात जरा स्थिरावतोय तोच पुढचा कोपरा समोर येतो. शिवाय रांगेला रांग जोडताना शिवणी जुळवायच्या असतात, ते त्यात येतच नाही. एवढंसं काम लवकर होतं हे खरं, पण ते करून गोधडी शिवता येत नाही.

छत्तीस इंचांचा चौरस मला म्हणूनच योग्य वाटतो. मांडीवर पांघरता येतो, जमिनीवर बाळाला पालथं घालायला अंथरता येतो, भिंतीवर टांगता येतो. (बाळाच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगते. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सुटी गोधडी, उशी, मऊ पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. बाळ जागं असताना, आपली नजर असताना, खाली अंथरायला ती खुशाल वापरावी.)

नक्षी म्हणाल तर साधे चौकोन. साडेचार इंचांचे ८१ चौकोन कापायचे. चारही बाजूंची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड, शिवणीत गेली की प्रत्येक चौकोन चार इंचांचा उरतो. नऊ रांगा, प्रत्येक रांगेत नऊ. गडद आणि फिकं अशी दोनच कापडं घेतली तर एकाचे ४१ आणि दुसऱ्याचे ४०. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत नऊ चौकोन बसतात, तेव्हा पाच ओळी पुरतात. हिशेबाने साडेबावीस इंच लांबी झाली. अर्धा मीटर घेतलंत तर थोडक्यात कमी पडेल, पाऊण मीटर घ्या. फुलाफुलांचं, ठिपक्यांचं, उभ्या रेघांचं असं सगळं एकत्र घेण्याचा मोह होतो, पण रेघांचं कापड पहिल्या खेपेला नको. चौकोन अर्ध्या अंशाने जरी तिरका कापला गेला तरी रेघ लगेच दाखवते. बारीक फुलांची छापील कापडं पुष्कळ सांभाळून घेतात.

कापड सुतीच हवं आणि सगळं साधारण एकाच जाडीचं. रेशमी, ताणणारं बनियनचं, जीनचं असं एकत्र जोडलं की पातळ कापड जाड कापडाच्या ओढीने शिवणीपाशी फाटतं. कापण्याआधी धुवून घ्यावं. गडद लाल आणि निळ्या कापडावर ओला पांढरा फडका घासून बघावा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवावं, तरीही रंग सुटत असेल तर बाजूला ठेवावं. फिक्या चौकोनांना एकदा रंग लागला की तो सहसा निघत नाही.

कापडाच्या निवडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. वडील गेल्यानंतर त्यांचे सदरे जपून ठेवले होते, त्यांची गोधडी आईला द्यायची होती. कात्री त्यांनी कधी हातात धरली नव्हती. असे बरेच लोक येतात. कुणाकडे लेकराचे झबले-टोपडे असतात, कुणाकडे आजीची लुगडी. या ओढीनेच माणूस गोधडीकडे वळतो आणि त्या ओढीचा मला फार आदर आहे. म्हणूनच मी त्यांना हात जोडून सांगते की पहिली गोधडी या कपड्यांची करू नका. चुकीचं कापलेलं दुकानातलं कापड पुन्हा मिळतं, वडिलांचा सदरा मिळत नाही. शिवाय सदऱ्यांत निम्मे मिश्र धाग्याचे निघतात, ते कापताना सरकतात आणि कडक इस्त्रीने आक्रसतात. ताणणाऱ्या बनियनच्या कापडाला तर आतून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावल्याशिवाय ते चौकोनात राहतच नाही. त्या गृहस्थांनी सदरे घडी करून बाजूला ठेवले आणि साध्या कापडाची एक गोधडी आधी पुरी केली. नंतर सदऱ्यांना कात्री लावताना त्यांचा हात थरथरला नाही. सदऱ्याचा खिसा आणि बटणांची पट्टी मधल्या रांगेत घ्यायची कल्पना त्यांचीच, मी ती सुचवली नव्हती.

कापण्यासाठी गोल पात्याचा कटर, जाड पारदर्शक पट्टी आणि खाली अंथरायची चटई मिळते. हा कटर १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने आणला आणि गोधडीच्या कामाचा वेग त्याने बदलून टाकला. परंतु एका गोधडीपुरता हा खर्च करायलाच हवा असं नाही. जाड पुठ्ठ्याचा साडेचार इंचांचा चौकोन, टोकदार पेन्सिल आणि फक्त कापडासाठी ठेवलेली कात्री पुरते. मात्र पेन्सिल घासून घासून पुठ्ठ्याचे कोपरे गोलसर होतात आणि शेवटचा चौकोन पहिल्यापेक्षा किंचित वेगळा येतो. वीसेक चौकोनांनंतर पुठ्ठा बदलावा. त्यासाठी सुरुवातीलाच चार-पाच पुठ्ठे एकदम कापून ठेवलेले बरे.

जोडणीत सगळा खेळ पाव इंच मायेचा आहे. समजा, प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंना सोळांश इंच जास्त घेतली गेली. डोळ्याला ते दिसतसुद्धा नाही. पण एका शिवणीत एक अष्टमांश इंच गेला आणि एका रांगेत आठ शिवणी, म्हणजे रांग पूर्ण एक इंच आखूड. दुसरी रांग बरोबर आली असेल तर या दोघी एकमेकींना जुळणार कशा? म्हणून मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावावी आणि कापडाची कड तिला टेकवून शिवावी. मग तीन चौकोन जोडून, इस्त्री करून मधला मोजावा. तो चार इंच भरला तरच पुढे जावं. माझ्याकडे ही परीक्षा झाल्याशिवाय चौथा चौकोन कुणाला मिळत नाही.

इस्त्री करताना पहिल्या रांगेच्या शिवणी सगळ्या उजवीकडे वळवायच्या, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. दोन रांगा एकमेकींवर ठेवल्या की शिवणींचे उंचवटे समोरासमोर येऊन एकमेकांना अडतात. बोटांनी चाचपलं तर तो खटका लागतो. तिथे टाचणी टोचायची. चौकोनांचे कोपरे जुळतात ते यामुळे. हा खटका पहिल्यांदा बोटाला लागतो, तेव्हा शिकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

चौकोन नको असतील तर लांब पट्ट्यांची गोधडी करावी. अडीच इंचांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी जोडत गेलं की त्यात जुळवायचे कोपरेच नसतात. कागदावर शिवायचे षट्कोन मात्र पहिल्या खेपेला मी कुणाला देत नाही. एकेक षट्कोन अगदी सोपा आणि प्रवासातही करता येतो, म्हणून लोक फसतात. एक इंच बाजूच्या षट्कोनांनी ती ९० इंचांची चादर भरायची म्हटली तर तीन हजारांवर तुकडे लागतात. टाका सोपा असला म्हणून काम हातावेगळं होत नाही.

काहींना हे मोजमापच नकोसं वाटतं. त्यांना मी उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, दाखवते. त्या अस्तराच्या कापडावर कडेपासून तुकडे ठेवत, कड दुमडत, धावदोरा घालत आतल्या बाजूला सरकतात. तुकडे जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी होतं आणि मधे पोचलं की काम संपलेलं असतं. मशीन लागत नाही, पट्टी लागत नाही. छत्तीस इंचांऐवजी अठरा इंचांची आसनाएवढी कवंडी हातशिलाई आवडणाऱ्याला उत्तम. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीही कामावरच्या जुन्या कपड्यांतून, नजरेच्या अंदाजाने गोधड्या शिवल्या. त्यांच्या रेषा सरळ नाहीत. २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या आणि पाहणारे थक्क झाले. रेष वाकली म्हणून रडवेल्या झालेल्यांना मी ही चित्रं मुद्दाम दाखवते. पण हेही सांगते की त्या बायकांची नजर आयुष्यभराच्या कामाने तयार झालेली आहे. आपण आधी पट्टी धरून शिकावं.

तीन थरांचं काम जमिनीवर करावं. अस्तर वरच्या भागापेक्षा प्रत्येक बाजूला तीन-चार इंच मोठं. ते उलटं अंथरून कडा चिकटपट्टीने फरशीला ताणून लावायच्या, फार ताण नको. त्यावर मधला थर, मग वरचा सुलटा भाग. मधल्या थराला पातळ सुती भरण (बॅटिंग) घ्यावं. फुगीर पॉलिएस्टर दुकानात छान दिसतो, पण मशीनखाली तो सरकतो. मऊ झालेली जुनी सुती चादरही चालते. मग मधून बाहेर जात तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. इथे घाई झाली की पाठीमागे चुण्या पडतात आणि त्या शेवटपर्यंत जात नाहीत.

टाके घालताना शिवणीच्या बरोबर खाचेत टीप मारायला जाऊ नये. छापील सूचनांत तो सोपा प्रकार म्हणून दिलेला असतो, पण खाचेतून सुई केसभर बाहेर गेली की लगेच दिसते. शिवणीपासून पाव इंच सोडून समांतर टीप मारावी, ती जरा हलली तरी शोभते. मशीनची भीती वाटत असेल तर प्रत्येक चार इंचांवर, म्हणजे चौकोनांच्या कोपऱ्यांवर, जाड सुती दोऱ्याची पक्की गाठ मारावी. गाठींची गोधडी ही पूर्ण गोधडीच आहे, तिला कुणी कमी लेखू नये. फक्त मधल्या थराच्या वेष्टनावर दोन टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते छापलेलं असतं, ते वाचावं. त्याहून दूर टाके पडले तर धुण्यात आतला थर गोळा होतो. गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या, पूर्ण पन्ह्याच्या चार पट्ट्या एकमेकींना जोडून, उभ्या दुमडून लावाव्यात. चारही बाजू मिळून १४४ इंच होतात, कोपरे आणि जोड धरून चार पट्ट्या व्यवस्थित पुरतात.

आता आपल्याला विनंती. हस्तकलेच्या पानावर पुढच्या वेळी गोधडीचं चित्र द्याल तेव्हा त्याखाली तिचं माप, तुकड्यांची संख्या आणि ती नवशिक्यासाठी आहे की सरावलेल्या हातासाठी, एवढं छापावं. त्या ताऱ्यांच्या गोधडीशेजारी एक साध्या चौकोनांची असती तरी माझ्या दोघींनी कदाचित तीच निवडली असती. आणि मापं देताना एकाच नमुन्यात इंच आणि सेंटिमीटर मिसळू नयेत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तर सेंटिमीटरच्या नमुन्यांत माया बहुधा पाऊण सेंटिमीटर, म्हणजे ७.५ मिलिमीटर धरलेली असते. हा फरक एका शिवणीत दोन्ही बाजूंचा मिळून सव्वादोन मिलिमीटरच्या वर जातो आणि नऊ चौकोनांच्या रांगेत जवळजवळ दोन सेंटिमीटर होतो. इंचाने कापून सेंटिमीटरच्या मायेने शिवणाऱ्याला आपलं कुठे चुकलं ते कधीच कळत नाही. नमुना ज्या मापात आहे, त्याच मापातली माया सोबत छापली तर घरात एकट्याने शिकणाऱ्या कितीतरी वाचकांचं काम वाचेल.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिवणशिक्षिका